शांतीची पुडी

परवा शनिवारी रपेटीला गेलो, तर आमच्या बिथरणाऱ्या घोडीसाठी मॅग्नेशियमच्या पावडरीचा डबा हजर! च्यायला, बग कुठे नि पॅच कुठे? बावीस तास ठाणबंद, वर चंदी शर्यतीच्या घोड्याएवढी. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं. तोंडात गवत नसलं की अल्सर होतात, आणि दुखणारं जनावर उधळणारच. खोगीर रुततंय का, कोणी पाहिलं? डॉक्टर बोलवा, चंदी कमी करा, गवत वाढवा, मोकळं सोडा. चाऱ्यात मॅग्नेशियम खरंच कमी असेल तर द्या की, पण चारा तपासलाय कुणी? आणि 'हर्बल आहे हो' म्हणणाऱ्यांनो, व्हॅलेरियन एफईआयच्या निषिद्ध यादीत आहे!

मोतद्दारमामा पहिल्यापासून हेच सांगतायत. पण त्यांच्यावर लेबल नाही ना.