मास्क वाटून गटारातले मृत्यू थांबत नाहीत

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एका सफाई कामगाराने मला एक पिशवी उघडून दाखवली. पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘सुरक्षा किट’ असे छापलेले. आत रबरी हातमोज्यांचा एक जोड, एक एप्रन, सॅनिटायझरची छोटी बाटली आणि तीन पदरी निळे मास्क. वाटपाचा कार्यक्रम झाला, हार-तुरे झाले, फोटो निघाले, रजिस्टरवर सह्या घेतल्या. त्याने मला एकच प्रश्न विचारला, “दादा, हा मास्क लावून चेंबरमध्ये उतरलं तर गॅस लागत नाही का?”

मी म्हणालो, “लागतो.”

“मग सही कशाची घेतली?”

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी तो मास्क म्हणजे काय ते समजून घेऊ. हे कापड विणलेले नसते. त्यात ताणा नाही, बाणा नाही. पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लास्टिक वितळवून बारीक छिद्रांतून बाहेर काढतात, त्यावर गरम हवेचा जोरदार झोत सोडतात आणि त्या झोतात केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू तयार होऊन एकमेकांवर जाळ्यासारखे बसतात. याला ‘मेल्टब्लोन’ म्हणतात. मास्कचा बाहेरचा आणि आतला थर जाड तंतूंचा, आधारासाठी. खरे गाळण्याचे काम मधला मेल्टब्लोन थर करतो. घरच्या पाण्याच्या फिल्टरमधली पहिली पांढरी कँडल पुष्कळदा याच जातीच्या मालाची असते. ती गाळ आणि गंज अडवते. पाण्यात विरघळलेले क्षार किंवा फ्लोराइड अडवणे तिचे काम नाही.

मास्कचेही तसेच आहे. हवेतला कण तंतूवर आदळतो, घासून जातो किंवा भरकटत येऊन चिकटतो. एन-९५ दर्जाच्या मास्कमध्ये तंतूंवर विद्युतभारही दिलेला असतो, तो कणांना ओढून घेतो. म्हणूनच ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण तो अडवतो, आणि तेही तो चेहऱ्यावर घट्ट बसला तर. धूळ, धूर, क्षयाचे जंतू असलेले थेंब यांच्यासाठी हे उत्तम साधन आहे. झाडू मारणारी ताई, कचरा डेपोवर वेचणारी माणसे, खाणीत दगड फोडणारे मजूर या सगळ्यांना असा मास्क मिळालाच पाहिजे. माझे भांडण या कापडाशी नाही.

पण गटारात माणूस धुळीने मरत नाही. तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो आणि ऑक्सिजन कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू ०.३ मायक्रॉनच्या कणापेक्षा शेकडो पटींनी लहान असतो आणि तंतूला चिकटून राहत नाही. श्वासाची हवा जिथून आत येते, तिथूनच तोही येतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून कामगार सावध होईल, असे म्हणाल तर तेही खोटे. दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास हा वायू झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणून गॅस गेला असे वाटते. प्रमाण ५०० च्या पुढे गेले की माणूस काही मिनिटांत कोसळतो आणि १००० च्या आसपास एकदोन श्वासांतच खेळ संपू शकतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातमी येते ती तिघांची.

कोळशाचा थर असलेले मास्क मिळतात. ते थोडा वास कमी करतात, म्हणजे धोक्याची सूचनाच कमी करतात. आणि हवेत ऑक्सिजनच नसेल तर जगातली कोणतीही गाळणी तो निर्माण करू शकत नाही. तिथे बाहेरून नळीने हवा पुरवणारे किंवा पाठीवर सिलेंडर असलेले उपकरण लागते. उतरण्याआधी गॅस मोजणारे यंत्र, ब्लोअर, कंबरेला पट्टा आणि दोर लागतो. २०१३ च्या कायद्याखालील नियमांत गॅस मॉनिटर, ब्लोअर आणि हवेच्या नळीचे श्वसन उपकरण यांची नावे लिहिलेली आहेत. त्यामुळे अधिकाऱ्यांना माहीत नव्हते ही सबब चालणार नाही.

मग निळा मास्कच का वाटला जातो? तो स्वस्त आहे हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे कायद्यात आहे. २०१३ च्या कायद्याने ‘धोकादायक सफाई’वर बंदी घातली. पण व्याख्या वाचा. मालकाने संरक्षक साधने न देता आणि सुरक्षेची काळजी न घेता हाताने करून घेतलेली सफाई म्हणजे धोकादायक सफाई. ‘मॅन्युअल स्कॅव्हेंजर’च्या व्याख्येलाही असेच शेपूट जोडले आहे. ठरवून दिलेली साधने आणि संरक्षक सामग्री वापरून मैला साफ करणारा माणूस त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे काम तेच, मैला तोच, माणूसही त्याच जातीचा. साधने दिल्याची नोंद झाली की त्याचे नाव बदलते. रजिस्टरवरची सही त्यासाठी असते. उद्या कुणी मेला तर ठेकेदार म्हणणार, किट दिले होते, त्यानेच वापरले नाही.

२०२१ साली केंद्र सरकारने संसदेत सांगितले की हाताने मैला साफ करताना कुणाच्या मृत्यूची नोंद नाही. गटार आणि सेप्टिक टँकमधले मृत्यू मात्र वेगळ्या रकान्यात होते. माणसे मेली, फक्त रकाना बदलला.

कुणी म्हणेल, उपकरणे महाग आहेत. २०२० आठवा. जानेवारीच्या शेवटी सरकारने मास्क आणि पीपीईच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढच्या काही महिन्यांत देशात पीपीई किट मोठ्या प्रमाणावर बनू लागले. मेल्टब्लोन हा शब्द दुकानदारालाही पाठ झाला. सगळ्यांचा श्वास धोक्यात आला तेव्हा सरकारला पैसा सापडला, यंत्रे सापडली, घाईही सापडली. गटारातला श्वास फक्त काही जातींचा आहे, म्हणून तिथे टेंडर निघायला वर्षे लागतात.

आणखी एक म्हणणे नेहमी ऐकू येते, “कामगारच मास्क लावत नाहीत.” जरा तो लावून उन्हात आठ तास झाडू मारून पाहा. घामाने भिजलेल्या मास्कमधून श्वास ओढवत नाही. शिवाय गाळणी कण साठवूनच काम करते, म्हणून ती बदलावी लागते. वर्षाला दोन मास्क देऊन शिस्त शिकवणे ही थट्टा आहे. आणि साबणाने धुतला की एन-९५ चा विद्युतभार जातो, हे किती मुकादमांनी कामगारांना सांगितले?

मित्रांनो, शुद्धतेचा आणि गाळणीचा प्रश्न आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ करायला पाण्यात शेण आणि गोमूत्र ओतले. ज्यांना शेणाने पाणी शुद्ध होते असे वाटले, त्यांचाच समाज आज घरात तीन-चार टप्प्यांचे फिल्टर लावतो आणि आपला मैला वाहून नेणाऱ्या माणसाला निळ्या कापडावर सोडून देतो. जातीने कामे वाटली नाहीत, माणसेच कप्प्यांत टाकली, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. तो कप्पा मास्क वाटून मोडणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातल्या मृत्यूसाठी १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. ती मिळवण्यासाठी लढलेच पाहिजे. पण आपली मागणी मेल्यानंतरच्या रकमेची नाही. आपल्या गावात, शहरात माहितीचा अधिकार वापरून चार गोष्टी विचारा. गॅस मोजणारी यंत्रे किती आहेत? हवा पुरवणारी उपकरणे किती? ती शेवटची कधी तपासली? यंत्राने सफाई करण्याच्या गाड्या किती आणि चालू किती? किटच्या रजिस्टरवर सही करण्याआधी प्रत्येक वस्तूचे नाव लिहून घ्या. मास्क मिळाला असेल तर ‘मास्क’ लिहा, ‘सुरक्षा साधने’ लिहू नका.

झाडूवाल्या ताईला चांगला एन-९५ द्या, नियमित बदलून द्या. आणि गटारात माणूस उतरवूच नका. त्यासाठी यंत्र आणा.

जय भीम!