थांबणें हेंही कर्मच

पाठ म्हणतांना मूल क्षणभर अडखळलें, कीं घरांत एकदम आवाज चढतो. मग त्यास पुढील ओळ मुळींच आठवत नाहीं, आणि ‘अभ्यास झालेला नाहीं’ असा निकाल दिला जातो. हा निकाल आम्हांस अन्यायाचा वाटतो.

थांबणें म्हणजे कांहींच न करणें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः थांबण्यासाठींही मेंदूस श्रम करावे लागतात. १९८४ सालीं लोगन व कोवन या संशोधकांनीं असें प्रतिपादन केलें कीं, ‘कर’ आणि ‘थांब’ या दोन प्रेरणांची मेंदूंत जणूं शर्यत लागते. जी आधीं पोंचेल तिचा जय. ‘थांब’ ही प्रेरणा पोंचण्यास निरोगी तरुणासही सेकंदाचा सुमारें चौथा-पांचवा हिस्सा लागतो. चेंडूमागें रस्त्यावर धांवणारें मूल मोटारीचा भोंगा ऐकून थबकतें, तें याच लगामामुळें.

परंतु हा लगाम केवळ हातापायांचा नव्हे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, अनपेक्षित ध्वनि ऐकतांच मेंदूंतील हीच थांबविणारी यंत्रणा जागी होते, आणि मनांत धरून ठेवलेलें निसटूं लागतें.

शिस्त नको, असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र दरडावण्यानें स्मरण जागें होत नाहीं, तें तुटतें. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मूल अडखळल्यास त्यास थोडा अवधि द्यावा. आणि विद्यार्थिमित्रहो, दचकून विसरलांत तर घाबरूं नका. एक श्वास घेऊन मागील ओळीपासून पुनः आरंभ करा.