दप्तर घरी, आई पाळीवर

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत पहिली पाळी धरायची तर भल्या सकाळी घर सोडावे लागते. कुणी सिडकोत धुणीभांडी करते, कुणी बांधकामावर जाते. चौथीपर्यंतची शाळा मात्र सकाळी ९ च्या आधी भरवू नये, असे राज्य शासनाने २०२४ मध्ये ठरविले. लहानग्यांची झोप पुरी व्हावी हा हेतू चांगलाच आहे. पण आठ वर्षांचे पोर, गळ्यात किल्ली, आणि शाळेला अजून दोन तास अवकाश! या दोन तासांत त्याच्याकडे पाहायचे कुणी?

संध्याकाळीही तेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकविणे सांगितले आहे. म्हणजे दिवसाला चार तास. आईची पाळी आठ तासांची, जाण्यायेण्याचा वेळ निराळा. सुट्ट्यांचे दिवस तर मोजूच नका.

सरकारी सोयी सहा वर्षांपाशी थांबतात. १९७५ पासूनची अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघर सांगितले, तेही सहा वर्षांखालील मुलांसाठी. जणू सातवे लागले की पोर आपोआप मोठे होते! पैसेवाल्यांकडे शिकवणी आहे, छंदवर्ग आहे. आपल्याकडे थोरली मुलगी आहे. धाकट्यांसाठी ती आधी एक दिवस घरी राहते, मग दोन दिवस, आणि एक दिवस तिची शाळाच सुटते. आम्हांला बोचते ते हेच.

बाबासाहेबांचे बालपण आठवा. परळच्या चाळीत एकच खोली. सुभेदार रामजी स्वतः रात्री जागत आणि दोन वाजता भीमरावांना अभ्यासाला उठवीत, तेव्हा कुठे निवांतपणा मिळे. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी या मुलाला हेरले, त्याला पुस्तके दिली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे बडोद्याच्या महाराजांकडे त्याच्या शिक्षणासाठी शब्द टाकला. बसायला जागा आणि विचारपूस करणारे एक मोठे माणूस, मुलाला एवढेच हवे असते. म्हणूनच १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासवर्गही होते.

आपल्या वस्त्यांत आज विहार आहेत, समाजमंदिरे आहेत. सकाळ-संध्याकाळची वंदना सोडली तर पुष्कळ ठिकाणी कुलूप असते. तेच सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास मुलांसाठी उघडा.

सांभाळायला वस्तीतलीच एखादी ताई ठेवा, पण तिला दरमहा मानधन द्या. फुकटचे काम फार दिवस टिकत नाही. जोडीला नेहमी दुसरे एक मोठे माणूस असावे आणि दार उघडे असावे. मूल कधी आले, कुणासोबत गेले, याची वही ठेवा. पालकांचे फोन भिंतीवर नको, त्या वहीत असू द्या. प्यायला पाणी, स्वच्छ संडास आणि मूठभर गूळ-शेंगदाणे एवढे हवेच.

आधी शाळेचा अभ्यास, मग कॅरम, लेझीम, चित्रे, गोष्टीची पुस्तके. दुसरी शाळा करू नका, पोरे पळून जातील. १९५० साली बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय याच शहरात उभे केले. नागसेनवनात शिकणाऱ्या मुलामुलींना आठवड्यातून एक संध्याकाळ मागा. थोरल्या मुलींना मात्र तिथे पोरे सांभाळायला लावू नका. त्यांनी तिथे अभ्यासालाच बसावे.

पैसा कुठून? जयंतीच्या वर्गणीतून. डीजेचे एका रात्रीचे भाडे किती होते आणि त्यात ताईंचे किती महिन्यांचे मानधन निघते, हा हिशेब कमिटीने सर्वांसमोर मांडावा.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा बंधुभगिनींनो, एकच प्रश्न विचारा : आपल्या वस्तीत किती पोरांच्या गळ्यात किल्ली आहे? नावे लिहून काढा. यादी हाती आली की कुलूप उघडायला वेळ लागणार नाही.