शिकंजा आधी, आकडे नंतर

"जगात जर्मनी आणि भारतात परभणी" हे वाक्य आम्ही परभणीकर कुठेही आणि कशावरही चिकटवतो. आजचा विषय मात्र खरोखरच चिकटवण्याचा आहे, आणि त्यात जर्मनी आणि परभणी दोन्ही येतात. विषय रुक्ष आहे, आधीच सांगून ठेवतो. धातूच्या दोन पट्ट्या इपॉक्सीने जोडल्या, तर ते कडक होईपर्यंत त्या धरून कशा ठेवायच्या?

हसू नका. माझं स्पष्ट मत आहे की ज्या रिपोर्टात या प्रश्नाचं उत्तर नाही, त्यातल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

चाचणी दिसायला फार सोपी. आयएसओ ४५८७ प्रमाणे पट्टी २५ मिमी रुंद आणि १.६ मिमी जाड. दोन पट्ट्या १२.५ मिमी एकमेकींवर चढवून चिकटवायच्या, मग मशीनमध्ये दोन्हीकडून ओढायच्या. किती भाराला जोड सुटला ते बघायचं आणि क्षेत्रफळाने भागायचं. झाला आकडा तयार! पण १९३८ साली फोल्कर्सन या जर्मन अभियंत्याने गणिताने दाखवून दिलं की ताण सांध्यात सगळीकडे सारखा नसतो, तो दोन्ही टोकांना एकवटतो. म्हणजे तिथे ग्लूचा थर किती जाड आहे, पट्टी तिरकी बसलीय का, बाहेर आलेला ग्लू पुसला की तसाच राहिला, यावर बरंच काही ठरतं. आणि हे सगळं ठरवतो कोण? शिकंजा.

आता परभणी. माझा मावसभाऊ इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. प्रोजेक्टचा विषय मला मनापासून आवडलेला: शेती अवजारांचा पातळ पत्रा वेल्डिंगने वाकतो, तर तो ग्लूने जोडता येईल का? त्याने घरीच दहा नमुने केले. साधे सी-क्लॅम्प, हाताला येईल तेवढा जोर. आकडे असे आले की सगळ्यात चांगला नमुना सगळ्यात वाईटाच्या जवळपास दुप्पट. कॉलेजातून सल्ला मिळाला, "ग्लूचा लॉट खराब असेल, नाहीतर तुमच्या परभणीची हवा. खालचे तीन काढून टाक आणि सरासरी घे."

त्याचा फोन आला, "दादा, काढू का?"

मी म्हटलं, थांब. आधी शिकंजा करू.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे खूप वाचलं आणि लेथवाल्याला त्याहून जास्त प्रश्न विचारले. शेवटी जे ठरलं ते असं. खाली सपाट जाड प्लेट. पट्ट्या सरळ रेषेत राहाव्यात म्हणून बाजूला पिना, आणि १२.५ मिमी म्हणजे १२.५ मिमीच राहावं म्हणून टोकाला अडवणारी पिन. (तिथे १४ झाले आणि आपण १२.५ नेच भागत राहिलो, तर जोड फुकटात बारा टक्के मजबूत दिसू शकतो!) वरची पट्टी अधांतरी राहते, म्हणून तिच्याखाली तेवढ्याच जाडीचा तुकडा. ग्लूचा थर सारखा यावा म्हणून सांध्यात ०.२ मिमीच्या तारेचे दोन बारीक तुकडे. कारण इपॉक्सीला सुताराच्या फेविकॉलसारखा दाब लागत नाही, पट्ट्या नीट टेकल्या की पुरे. जास्त आवळलं की ग्लू बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. आणि नमुना प्लेटलाच चिकटू नये म्हणून खाली टेफ्लॉनची टेप.

खरी गंमत दाबाची आहे. स्क्रू आवळला की आपल्याला वाटतं दाब कायम राहील. पण ग्लू पसरून थर जरा पातळ झाला की स्क्रूचा दाब उतरतो. स्प्रिंग मात्र मागोमाग खाली येते, तिचा दाब फारसा बदलत नाही. तसंच पाच नमुन्यांवर एकच प्लेट ठेवली तर सगळ्यात जाड नमुना भार उचलतो आणि बाकीचे नुसते बघत बसतात. म्हणून प्रत्येक नमुन्याला स्वतःची स्प्रिंग.

हवेचंही खरंच होतं, पण वेगळ्या अर्थाने. परभणीत जानेवारीच्या रात्री पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. इपॉक्सी वाळत नाही, रासायनिक क्रियेने कडक होतं, आणि थंडीत ती क्रिया रेंगाळते. उपाय? थर्मोकोलचा खोका, आत बल्ब आणि थर्मोस्टॅट. हवेला दोष देण्यापेक्षा हवा धरून ठेवणं स्वस्त पडतं.

हवेला दोष देण्याची परंपरा तशी जुनी आहे. १९४४ मध्ये भारतात ब्रिटिशांची मॉस्किटो ही लाकडी, ग्लूने जोडलेली विमानं हवेत मोडून पडली. सुरुवातीला बोट पावसाळ्याकडे दाखवलं गेलं. पुढच्या चौकशीत तसेच दोष मान्सून कधीही न पाहिलेल्या विमानांतही सापडले. खोट इंग्लंडमधल्या कारखान्यांतल्या चिकटवण्याच्या कामात होती.

नव्या शिकंज्यातले दहा नमुने तुटले तेव्हा सरासरी फारशी वाढली नाही. फरक मात्र आकड्यांच्या पसाऱ्यात पडला, ते एकमेकांजवळ आले. तोंडी परीक्षेत त्याला विचारलं गेलं, "सरासरी तेवढीच, मग एवढा खटाटोप कशासाठी?"

माझ्या मते सगळा मुद्दा या प्रश्नातच आहे. गंगाखेडच्या किंवा पाथरीच्या शेतात पेरणी यंत्राचा जोड सुटतो तेव्हा तो सरासरीने सुटत नाही. सुटतो तो त्या तीन नमुन्यांसारखा जोड, जे आपण काढून टाकणार होतो. जोडावर विसंबणाऱ्या माणसाला सगळ्यात कमजोर आकडा हवा असतो, आणि आपण नेमका तोच खोडून रिपोर्ट देखणा करतो.

आपल्याकडेही हेच चालतं की. टेस्ट कधी पास होते, कधी फेल. मग कुणीतरी 'तीनदा चालवून बघ' अशी ओळ टाकतं आणि बोर्ड हिरवा होतो. टेस्टच्या खालची जमीन हलतेय का, हे बघायला स्प्रिंटमध्ये वेळ नसतो. ज्याने ती जमीन पक्की केली त्याला अप्रेझलमध्ये काय लिहायचं तेही सुचत नाही, कारण दाखवायला नवीन काहीच नसतं.

म्हणून एक साधी मागणी. प्रोजेक्ट रिपोर्टात एक पान शिकंज्याचं असावं, मापांसकट. आणि आकडे सगळे असावेत, नावडतेसुद्धा. मावसभावाने दोन्ही वेळचे वीसही आकडे छापले. मार्क बरे पडले, फार नाही. पण तो रिपोर्ट वाचून कुणी खरंच पत्रा जोडायला बसला, तर त्याची फसगत होणार नाही. मला तरी इंजिनियरिंगची यापेक्षा चांगली व्याख्या माहीत नाही.