बाळंतपणाची रजा संपते, नोकरी नाही

लोहाऱ्यात, किंवा तालुक्यातल्या माकणी, जेवळी, सास्तूरसारख्या गावांत नोकरी करणाऱ्या तरुण आईला रजेचा पाचवा महिना लागला की एक प्रश्न येऊ लागतो : ‘मग, नोकरीचं काय ठरवलंस?’ आई विचारते, सासूबाई विचारतात, शाळेतल्या बाई विचारतात. सगळे मायेनेच विचारतात. लेकराच्या बापाला मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. लेकरू दोघांचे, संसार दोघांचा, आणि ठरवायचे एकटीने!

माझे म्हणणे आधीच सांगून टाकावे. ज्या महिन्यात रजा संपते, त्या महिन्यात राजीनामा देऊ नये. आधी रुजू व्हावे. सोडायचेच असेल तर ते पुढे, झोप पुरी होऊ लागल्यावर, दोघांनी बसून ठरवावे. याविरुद्ध जे बोलले जाते त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप सर्वांत जड आहे : ‘लेकराला आईच लागते.’ लागते, यात वाद नाही. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यातली १२ आठवड्यांची रजा २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे केली. पण त्यातले आठ आठवडे प्रसूतीआधी घेतले, तर मागे उरतात १८. म्हणजे लेकरू चार महिन्यांचे असतानाच आई कामावर. तिच्या जिवाची घालमेल खरी आहे.

पण ‘आई लागते’ यातून ‘आईने नोकरी सोडावी’ हे निघत नाही. सहा महिन्यांनंतर मऊ भात आणि वरणाचे पाणी बाप भरवू शकतो, आजोबाही भरवू शकतात. सकाळ, संध्याकाळ आणि रात्रीचे दूध नोकरीने बंद होत नाही. लेकरू १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज रोज दोन वेळा दूध पाजायला सुट्टी देण्याची तरतूद मातृत्व लाभ कायद्यात पहिल्यापासून होती. अमेरिकेत १९९१पासून हजाराहून अधिक मुलांचा जन्मापासून मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास झाला. केवळ आईने वाढवलेली मुले आणि इतरांनीही सांभाळलेली मुले यांच्या वाढीत त्याला सरसकट फरक आढळला नाही. फार तास बाहेर राहिलेल्या काही मुलांत वागण्याच्या तक्रारी किंचित जास्त दिसल्या, हेही त्याने नोंदवले. पण सगळ्यांत ठळक निष्कर्ष असा की सांभाळ चांगला आहे का आणि घर कसे आहे, यावर बरेच काही ठरते. तेव्हा खरी काळजी ‘आई कुठे आहे’ याइतकीच ‘लेकरू कोणाच्या हाती आहे’ याची करायला हवी.

दुसरा आक्षेप परंपरेच्या नावाने येतो : ‘आपल्याकडच्या बायका लेकरं सांभाळून घरीच असायच्या.’ कुठल्या बायका? या भागातली बाई खुरपायला रानात गेली, तेव्हा लेकरू झाडाला बांधलेल्या झोळीत होते. १९७२च्या दुष्काळात तिने खडी फोडली, तेव्हा लेकरू शेजारी उन्हात होते. आजही ऊसतोडीला जाणारा ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी असते आणि लेकरू फडाच्या कडेला असते. यांतल्या एकीलाही कुणी विचारले नाही की ‘काय ठरवलंस?’ तिच्या कामाचा मोबदला तिच्या स्वतःच्या खात्यावर पडत नव्हता, म्हणून तिचे काम कोणाच्या डोळ्यांत आले नाही. बाईच्या नावाने पगाराची नोंद होऊ लागली, आणि मग तिचे घराबाहेर जाणे हा प्रश्न झाला.

आपली खरी परंपरा वेगळीच आहे, आणि तिचा अभिमान वाटावा अशी ती आहे. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणीकामगार स्त्रियांसाठी मातृत्व लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाला जबाबदारीतून मोकळे होता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. पुढे महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याने खडी फोडणाऱ्या बाईच्या लेकरासाठी कामावर पाळणाघराची सोय मानली. राष्ट्रीय रोजगार हमीच्या २००५च्या कायद्यातही सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले कामावर आली, तर एका बाईला त्यांच्या सांभाळासाठी नेमून तिला मजुरी द्यायची तरतूद केली गेली. आईने काम करावे आणि लेकराची सोय समाजाने करावी, हे महाराष्ट्राने कायद्यात लिहून ठेवले आहे.

तिसरा आक्षेप हिशेबाचा : ‘सांभाळणाऱ्या बाईला दिल्यावर, जाण्यायेण्याला घातल्यावर तुझ्या पगारातलं उरतं काय?’ या हिशेबात पहिली चूक अशी की खर्च फक्त आईच्या पगारातून वजा होतो. लेकरू दोघांचे असेल तर सांभाळाचा खर्चही दोघांच्या पगारातून वजा झाला पाहिजे. दुसरी चूक त्याहून मोठी आहे. हा हिशेब दोन वर्षांचा मांडतात आणि निर्णय तीस वर्षांचा घेतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला दरवर्षी तीन टक्के वेतनवाढ मिळते आणि ती पुढच्या प्रत्येक पगारात राहते. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असलेल्या कर्मचाऱ्याच्या नावे सरकार दरमहा १४ टक्के भरते. राजीनाम्याबरोबर हे सारे थांबते, झालेली सेवाही सहसा हातची जाते. परत यायचे म्हटले तर पुन्हा परीक्षा, पुन्हा भरती, आणि वयाची अट आडवी : सरकारी नोकरीत खुल्या प्रवर्गाला साधारण ३८ वर्षे, राखीव प्रवर्गाला ४३. रुजू झालेली बाई उद्या सोडू शकते; सोडलेली बाई उद्या रुजू होऊ शकत नाही. ज्या वाटेवरून माघारी येता येते, ती आधी चालून पाहावी.

डेन्मार्कसारख्या पुढारलेल्या देशातही पहिल्या मुलानंतर स्त्रियांची कमाई पुरुषांच्या मानाने सुमारे २० टक्क्यांनी घसरते आणि बरीच वर्षे तशीच राहते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. बापांच्या कमाईवर मुलाचा तसा परिणाम दिसत नाही. तिथे पाळणाघरे असूनही ही स्थिती, तर जिथे ती नाहीतच तिथल्या बाईने नोकरी सोडल्यावर काय होईल?

चौथे म्हणणे वरकरणी आपल्या बाजूचे वाटते : ‘आजी आहे की, जा तू बिनघोर.’ मला हेही मान्य नाही. आजीची माया मोलाची आहे आणि ती नातवंडाला मिळावीच. पण आजीला जूनमध्ये पेरणी आहे, पुढे सोयाबीनची काढणी आहे, गुडघे दुखतात, स्वयंपाक चुकलेला नाही. वेळेचा वापर मोजणाऱ्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे दिसले, पुरुषांचा ९७. हा बोजा सुनेच्या पदरातून काढून सासूच्या पदरात टाकला, तर बाईचे काम बाईकडेच राहिले, फक्त वय वाढले. आजीला विचारावे, ती ‘हो’ म्हणाली तर तिचे तास ठरवावेत. तिला गृहीत धरू नये.

पाचवे म्हणणे शिकल्यासवरल्यांचे : ‘एवढं शिकून घरी बसणं म्हणजे शिक्षण वाया.’ हेही तितकेच कठोर आणि तितकेच चूक आहे. लेकरू दिवसांआधी जन्मलेले असेल, आजारी असेल, आईचे मन बाळंतपणानंतर खचलेले असेल, नेमणूक लांबच्या गावी असेल, तर घरी राहणारी आई हरलेली नसते. तिचे शिक्षणही वाया जात नाही. माझा विरोध तिच्या निर्णयाला नाही, दुसरा मार्गच न ठेवता ‘तुझं तू ठरव’ म्हणण्याला आहे. अपंग मुलाच्या आईच्या रजेविषयीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली म्हटले की स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही कोणाची मेहेरबानी नसून घटनेने दिलेला हक्क आहे. हक्क बजावायला सोय लागते.

आता काय करावे, ते सांगणे माझे काम आहे.

पहिली गोष्ट रजेची. राज्य सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या स्त्री कर्मचाऱ्यांना १८० दिवसांच्या प्रसूती रजेखेरीज २३ जुलै २०१८च्या शासन निर्णयाने संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली आहे. पहिल्या दोन मुलांसाठी, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत ती टप्प्याटप्प्याने घेता येते. रुजू व्हावे, आणि लेकराचे दात, ताप, गोवर यांसाठी ही रजा वापरावी. मागायला लाजू नये.

दुसरी गोष्ट बापाची. याच निर्णयात पुरुषालाही ही रजा आहे, पण पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर! म्हणजे आई धडधाकट असेतोवर बापाची गरजच नाही, असे सरकारने मानले. हे बदलले पाहिजे. स्वीडनमध्ये पालकांना मिळून ४८० दिवस असतात आणि त्यांतले ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव, म्हणजे बापाने घेतले नाहीत तर ते बुडतात. आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत बापाने हक्काच्या आणि किरकोळ रजा साठवाव्यात आणि आई रुजू होईल त्या पहिल्या पंधरवड्यात वापराव्यात. लेकराला बापाचा हात आणि बापाला लेकराचे रडणे त्या दिवसांत कळते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. लेकरू सहा महिन्यांचे झाले की आईची रजा संपते, आणि अंगणवाडीत ते बसू लागते तीन वर्षांचे झाल्यावर. मधली अडीच वर्षे कोणाच्याच खात्यावर नाहीत. त्या वयात अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. पाळणाघराची कायदेशीर सक्ती ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला. लोहाऱ्यातल्या बँकेच्या शाखेत, खेड्यातल्या दोनशिक्षकी शाळेत, आरोग्य उपकेंद्रात ५० माणसे कुठून येणार? पण २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अनेक आस्थापनांनी मिळून एक सामायिक पाळणाघर चालवायला वाट ठेवली आहे. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येते. आपल्याला लागून असलेल्या कर्नाटकाने २०२३ साली रोजगार हमीवरच्या बायकांच्या मुलांसाठी ग्रामपंचायतींमध्ये ‘कूसिन मने’ नावाची पाळणाघरे सुरू केली. सीमेपलीकडे जमते ते इथे का जमू नये?

‘लेकरं सांभाळणं घरचं काम, सरकारचं नव्हे,’ असे यावर म्हटले जाईल. बाळंतपणही एके काळी घरचेच काम होते. अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या भरवशावर ते होई. १९९३च्या भूकंपात सास्तूर कोसळले आणि त्यानंतर तिथे स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. आज आसपासच्या गावांतल्या बायकांची बाळंतपणे दवाखान्यात होतात, याला कोणी ‘घरच्या कामात ढवळाढवळ’ म्हणत नाही. बाळंतपण सर्वांची जबाबदारी आहे हे ज्या तालुक्याने मान्य केले, त्याला त्यापुढची अडीच वर्षे मान्य करणे अवघड जाऊ नये.

आणि ज्यांना रजाच नाही, त्यांना विसरून हा लेख संपवता येत नाही. खासगी शाळेतली तासिका तत्त्वावरची शिक्षिका, दुकानात बसणारी मुलगी, शेतमजूर बाई आणि कामाप्रमाणे मोबदला घेणारी आशाताई यांना ‘परत जाऊ की नको’ हा प्रश्न पडायलाही सवड नाही. रोजंदारीवरच्या स्त्रियांनाही मातृत्व लाभ मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात २००० सालीच सांगितले. लोहाऱ्यात पाळणाघर झाले, तर त्याच्या दारात शिक्षिकेचे आणि शेतमजुरणीचे लेकरू शेजारी शेजारी बसले पाहिजे.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. लोहारा नगरपंचायतीने शहरात एक आणि पंचायत समितीने मोठ्या गावांत एकेक, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी, शाळा आणि कार्यालयांच्या वेळेत चालणारे पाळणाघर सुरू करावे. सांभाळणाऱ्या बाईला मानधनाच्या नावाखाली तुटपुंजे काही न देता नीट पगार द्यावा. ते होईपर्यंत रजेच्या पाचव्या महिन्यात घरात ‘काय ठरवलंस?’ हा प्रश्न आला, तर तो आईबापांना एकत्र बसवून विचारावा, आणि राजीनाम्याचा कागद त्या बैठकीत ठेवू नये.