आकेरचे विलीनीकरण: नकाशा बदलला, प्रश्न उरले

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हारम ही पालिका १ जानेवारी २०२४ रोजी पुन्हा अस्तित्वात आली. २०२० साली ती ऑलेसुन्द या शहरात विलीन करण्यात आली होती. अवघ्या चार वर्षांत फारकत झाली. लहान पालिका एकत्र करून मोठ्या, सक्षम पालिका उभारण्याच्या मोहिमेत नॉर्वेतील पालिकांची संख्या २०२० पर्यंत ४२८ वरून ३५६ वर आणण्यात आली होती. हारमच्या पुनरुज्जीवनाने त्यात एकाची भर पडली. संख्येच्या दृष्टीने ही घटना नगण्य. परंतु विलीनीकरण कोठे टिकते आणि कोठे विरते, हा प्रश्न तिने नव्याने उपस्थित केला आहे. त्याचे उत्तर शोधताना राजधानी ओस्लोच्या पोटात गडप झालेल्या आकेर या ग्रामीण पालिकेच्या इतिहासाकडे वळणे उद्बोधक ठरते.

नॉर्वेत स्थानिक स्वराज्याचा पाया १८३७ च्या कायद्याने घातला गेला. त्यानुसार १८३८ पासून आकेरचा कारभार लोकनियुक्त मंडळाकडे आला. शेते, जंगले आणि विखुरलेल्या वाड्यांच्या या पालिकेने राजधानीला जमिनीच्या बाजूने चोहोबाजूंनी वेढले होते. त्या काळी शहराचे नाव ख्रिस्तियानिया होते. ओस्लो हे प्राचीन नाव त्याला १९२५ मध्ये परत मिळाले. आकेर नदीकाठी कारखाने उभे राहिले आणि शहराच्या हद्दीबाहेर कामगारांच्या वस्त्या दाटू लागल्या. त्या सामावून घेण्यासाठी १८५९ व १८७८ मध्ये आकेरचे लचके तोडून शहराला जोडण्यात आले. त्यानंतर मात्र सत्तर वर्षे ही सीमा स्थूलमानाने तशीच राहिली. शहर वाढत होते, हद्द वाढत नव्हती.

करांची सीमारेषा

या काळात आकेरचे ग्रामीण रूपही पालटले. १८९८ मध्ये होल्मेनकोलेनच्या दिशेने विद्युत रेल्वे सुरू झाली आणि पश्चिमेच्या डोंगरउतारांवर सुखवस्तू कुटुंबांचे बंगले उभे राहिले. नॉर्वेत रहिवाशाच्या प्राप्तिकराचा मोठा हिस्सा तो जेथे राहतो त्या पालिकेला मिळतो. परिणामी शहरात कमावणारा माणूस आकेरमध्ये राहावयास गेला की त्याचा करही शहराच्या हातून निसटत असे. गरिबांच्या घरांचा, शाळांचा, दवाखान्यांचा भार शहरावर आणि मोकळी जमीन मात्र आकेरकडे, अशी ही विषम वाटणी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर घरटंचाईने उग्र रूप धारण केले, तेव्हा ती टिकणे अशक्य झाले.

१ जानेवारी १९४८ रोजी आकेर ओस्लोत विलीन झाले. शहराचे क्षेत्रफळ सुमारे १७ चौरस किलोमीटरवरून ४५३ चौरस किलोमीटरवर, म्हणजे जवळजवळ २७ पट झाले. आकेरची लोकसंख्याही थोडीथोडकी नव्हती. सुमारे १ लाख ३० हजार, म्हणजे शहराच्या जवळजवळ निम्मी. या जमिनीवर सहकारी गृहनिर्माणाच्या साह्याने उपनगरे वसविण्यात आली. १९५० च्या दशकाच्या आरंभी लाम्बर्टसेटरपासून सुरुवात झाली. पुढे बोलेर, त्वेता, फुरुसेट उभी राहिली. ही सारी नावे मुळात आकेरमधील शेतमळ्यांची. १९६६ मध्ये ओस्लोच्या भुयारी रेल्वेचा पहिला मार्ग सुरू झाला, तोही लाम्बर्टसेटरच्याच दिशेने. हजारो कुटुंबांना न्हाणीघर आणि बाल्कनी असलेले घर मिळाले, हे या विलीनीकरणाचे निर्विवाद श्रेय होय.

परंतु सीमारेषा पुसल्याने तिच्या दोन्ही बाजूंचे अंतर पुसले गेले नाही. आजही ओस्लोच्या पूर्व व पश्चिम भागांत उत्पन्न, शिक्षण आणि आयुर्मान यांत ठळक तफावत आहे. पश्चिमेचे डोंगरउतार धनिकांचे राहिले. पूर्वेच्या ग्रोरुद खोऱ्यातील इमारतींत स्थलांतरितांची मोठी वस्ती आहे. गंमत अशी, की हे दोन्ही प्रदेश जुन्या आकेरचेच. पूर्वी दोन पालिकांमध्ये असलेली दरी आता एकाच महापालिकेच्या पोटात आहे. फरक इतकाच, की तिच्यावरील उपायाची जबाबदारी एकाच सभागृहावर आली आहे. २००४ च्या पुनर्रचनेनंतरच्या प्रभागांत ‘पश्चिम आकेर’ व ‘उत्तर आकेर’ ही नावे झळकतात. पण त्यांना स्वतःचा कर लावण्याचा अधिकार नाही.

आकेरकडून ओस्लोला मिळालेला दुसरा वारसा म्हणजे मार्का हा वनप्रदेश. शहराचे सुमारे दोन तृतीयांश क्षेत्र आजही जंगल आहे. पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत असलेले मारिदाल सरोवरही जुन्या आकेरमधलेच. २००९ च्या स्वतंत्र कायद्याने या जंगलाच्या सीमेला संरक्षण मिळाले. लोकसंख्या सात लाखांपलीकडे गेल्याने घरांसाठी जमिनीची मागणी वाढतच आहे. १९४८ मध्ये शहराने आकेरची सीमा ओलांडली. आता जंगलाची सीमा ओलांडायची नाही, हे त्याला स्वतःलाच बजावावे लागते.

आकेर परत मागण्यास आज कोणी उठत नाही. हारमची मागणी मात्र चार वर्षांत फळाला आली. आकेर व ओस्लो यांचे दैनंदिन जीवन कायद्याच्या कितीतरी आधी एक झाले होते. रोजगार, रेल्वे आणि पाणी यांनी ते जोडले होते, आणि विलीनीकरणाचा लाभ घराच्या रूपाने डोळ्यांना दिसत होता. कार्यक्षमतेच्या कोष्टकांतून आखलेल्या सीमांना असा आधार नसेल, तर त्या कागदावरच राहतात. पालिका मोठी करण्यापूर्वी तेथील माणसे खरोखर एकत्र जगत आहेत काय, हे पाहणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे.