उंचावरचा रोहित आणि आपली बॅटरी

ठाण्याच्या खाडीतला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आता मुंबईकरांना परका राहिलेला नाही. त्याचे दोन चुलत भाऊ दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतातल्या खाऱ्या तळ्यांवर राहतात. एक अँडियन फ्लेमिंगो, दुसरा जेम्सचा फ्लेमिंगो. हा दुसरा नामशेष झाला असेच धरले गेले होते. १९५०च्या दशकात तो बोलिव्हियात पुन्हा सापडला.

ही तळी बहुतेक साडेतीन ते साडेचार हजार मीटर उंचीवर. हवा विरळ, रात्री गोठवणाऱ्या, पाणी अनेक ठिकाणी समुद्राहून खारट. असे पाणी माणूस प्यायला, तर ते मीठ बाहेर टाकताना मूत्रपिंडे शरीरातलेच पाणी खर्च करतील. रोहिताच्या डोळ्यांवर मात्र मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात; जादा मीठ नाकपुड्यांतून ठिबकून जाते. अन्न म्हणजे डायटम ही सूक्ष्म शैवाले. डोके उलटे करून तो चोच पाण्यात घालतो, जीभ पंपासारखी चालते आणि चोचीतल्या बारीक चाळणीत शैवाल अडकते. त्यातली रंगद्रव्ये गाजरातल्या रंगाच्याच कुळातली. यकृत त्यांच्यावर प्रक्रिया करते आणि पिसे गुलाबी होतात. विणीच्या हंगामात अंडे एकच.

संकट आहे ते लिथियमचे. चिली, अर्जेंटिना आणि बोलिव्हियातल्या मिठाच्या मैदानांखाली लिथियमचे प्रचंड साठे आहेत. ते काढण्यासाठी खारे पाणी उपसून उघड्या हौदांत महिनोन्महिने आटवतात. पाणी हवेत जाते. चिलीतल्या अटाकामाच्या मैदानात ११ वर्षांत या दोन्ही जाती १० ते १२ टक्क्यांनी घटल्याचे २०२२च्या एका अभ्यासात दिसले. साऱ्या प्रदेशातली संख्या तशी घटली नव्हती, हेही सांगायला हवे.

म्हणून विजेवरची स्कूटर नको, असे नाही. शहरातला धूर फुप्फुसांचे काय करतो, ते सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रोज दिसते. पण मनोविकारात लिथियमची गोळी देताना डॉक्टर रक्तातले प्रमाण पुन्हा पुन्हा तपासतात, कारण गुणकारी आणि विषारी मात्रेत अंतर फार थोडे असते. उपशालाही तीच शिस्त हवी. आधी पाण्याची पातळी आणि पक्ष्यांची मोजणी, मगच पंप. आणि ही मोजणी पाणी उपसणाऱ्या कंपनीकडे सोपवू नये.